सापडली की सापडलेली : प्रस्तावना

पावसाळ्यातली दुपार होती. माझ्या पडवीत मत्स्यशास्त्राचा एक पदवीधर मुलगा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत बसला होता. समोर इंग्रजी उतारा होता, खाडीत शिरणाऱ्या माशांच्या पिल्लांवरचा. त्यात ‘स्प्रिंग टाइड’ असे दोन शब्द आले. त्याने वहीच्या समासात अर्थ लिहिला : वसंत ऋतूतली भरती. मग पुढचं काही जुळेना. उतारा म्हणत होता की पिल्लं दर पंधरा दिवसांनी मोठ्या संख्येने आत येतात. आणि वसंत तर वर्षातून एकदाच येतो. त्याने दोनदा वाचलं, पेन्सिलीने फुली मारली आणि पुढच्या उताऱ्याकडे वळला.

त्याचे वडील त्याला न्यायला आले होते आणि पाऊस थांबायची वाट बघत पायरीवर टेकले होते. आयुष्य खाडीत आणि समुद्रात गेलेला माणूस. मी त्यांना विचारलं, “महिन्यातून पाणी जास्त कधी चढतं हो?”

“अवसेला नि पुनवेला. उधाण असतं ना तेव्हा, बाई. अष्टमीला भांग.”

मुलाने मान वर केली. थोडा वेळ तो वडिलांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे बाई, स्प्रिंग टाइड म्हणजे उधाण? आणि खाली नीप टाइड लिहिलंय, तो भांग?”

तेच होतं. इथल्या ‘स्प्रिंग’चा वसंताशी काही संबंध नाही, उसळणं, उफाळून वर येणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. समासातला वसंत खोडला गेला आणि उताऱ्याखालचे सगळे प्रश्न त्याने एका बैठकीत सोडवले. उधाण आणि भांग त्याला लहानपणापासून माहीत होते. उतारा त्याच्याच घरच्या गोष्टी सांगत होता आणि तो मात्र परक्या दारात उभा असल्यासारखा वाचत होता.

हे पुस्तक त्या दुपारी सुरू झालं. मराठी माध्यमातून शिकून पदवीधर झालेल्या आणि पुढे एम.ए., एम.एस्सी., एम.टेक., एम.बी.ए. किंवा परदेशातल्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे. इंग्रजीचं व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन असे त्याचे तीन भाग आहेत. तिन्ही भागांत मी एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी सांगितली आहे : तुमची मराठी हा इंग्रजीच्या वाटेतला अडथळा नव्हे, ती वाट दाखवणारी आहे. तिला सोबत घ्या.

हे ठासून सांगावं लागतं, कारण आपल्या मुलांना नेमकं उलटं सांगितलं जातं. ‘इंग्रजी वाचताना मराठीत विचार करू नकोस’ हा सल्ला मी किती ठिकाणी ऐकला त्याची गणती नाही. लहान मूल घरीदारी इंग्रजी ऐकत वाढत असेल तर गोष्ट वेगळी. पण एकविसाव्या वर्षी, पूर्णगडसारख्या गावातून रोज एसटीने पावस-गोळपवरून रत्नागिरीला जाऊन पदवी घेतलेल्या मुलीला हा सल्ला देणं म्हणजे तिच्या हातातलं वल्हं काढून घेऊन तिला होडीत बसवणं. तिची विचार करायची सगळी ताकद मराठीत घडली आहे. कार्यकारण, शंका, तुलना, युक्तिवाद हे सगळं ती मराठीत उत्तम करते. ती ताकद बाजूला ठेवून तिने इंग्रजी परिच्छेदाशी झुंजावं, असं आपण का म्हणतो?

मी स्वतः या अनुभवातून गेले आहे. एम.ए.च्या पहिल्या सत्रात आम्हाला अकरा पानांचा एक निबंध वाचून यायला सांगितलं होतं. मी तीन रात्री शब्दकोश घेऊन बसले. प्रत्येक अनोळखी शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला. पानं भरून गेली. चौथ्या दिवशी वर्गात विचारलं गेलं की लेखकाचं म्हणणं काय आहे, आणि मला एक वाक्यही सांगता आलं नाही. शब्द सगळे माझ्याकडे होते, वाक्य एकही नव्हतं. माझ्यात काहीतरी कमी आहे असं मी त्या दिवशी मनाशी धरलं, आणि ते मनातून जायला फार वर्षं लागली. तो गैरसमज दुसऱ्या कुणाला इतकी वर्षं बाळगावा लागू नये, म्हणून ही सगळी खटपट.

इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून शिकायची रीत आपल्याकडे नवी नाही. उलट ती इथल्याच मातीतली आहे. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. हे गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण तेव्हा सगळा मुलूख रत्नागिरीचाच होता. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं आणि त्याच्या पानावर दोन रकाने ठेवले, एक इंग्रजी आणि एक मराठी. तोच मजकूर दोन भाषांत, एकाच नजरेच्या टप्प्यात. मराठी पत्रकारितेचा आरंभ म्हणून आपण ‘दर्पण’ची आठवण काढतो, ती काढायलाच हवी, पण इंग्रजी शिकणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ते दोन रकाने म्हणजे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचाही पाया तोच : मराठी वाक्य इंग्रजीत न्या, इंग्रजी वाक्य मराठीत आणा, आणि दोन भाषा कुठे जुळतात, कुठे फारकत घेतात ते हाताला कळू द्या.

आणखी एक घर मला सारखं आठवतं, मालगुंडच्या दामल्यांचं. थोरले कृष्णाजी केशव, म्हणजे केशवसुत, यांनी इंग्रजीतला सॉनेट हा काव्यप्रकार मराठीत आणून रुजवला. धाकटे मोरो केशव यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, जे आजही अभ्यासकांना उघडावं लागतं. एकाच घरात एक भाऊ इंग्रजी वाचून मराठी कविता पालटतो आणि दुसरा मराठीचीच रचना मुळापासून तपासतो. मराठीची जाण आणि इंग्रजीचं वाचन एकमेकांच्या आड येत असतं, तर हे घडलं असतं का?

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, १९१५ मध्ये तिथे एम.ए. झाले आणि १९२३ मध्ये लंडनहून डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध इंग्रजीत आहे. आणि या दोन परदेशी मुक्कामांच्या मधल्या काळात, १९२० मध्ये, त्यांनी ‘मूकनायक’ काढलं ते मराठीत. अर्थशास्त्राचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचणारा माणूस आपल्या लोकांशी मराठीत बोलत होता. मोठी नावं आहेत म्हणून दबून जाऊ नका. रत्नागिरीत १८२८ पासून चालत आलेलं नगर वाचनालय आहे. वाचायला बसण्याची सवय या जिल्ह्याला जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. तुम्ही त्या सवयीचे वारस आहात.

आता परीक्षांकडे वळू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे आज पदवी घेणारी मुलं पंधरा वर्षं इंग्रजी हा विषय शिकून आलेली असतात. तरीही उतारा समोर आला की हात थरथरतो, कारण या पंधरा वर्षांत त्यांनी मुख्यतः ठरलेल्या धड्यांची ठरलेली उत्तरं पाठ केलेली असतात. न पाहिलेलं पान स्वतःच्या बळावर वाचायची वेळ क्वचितच आलेली असते. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा मात्र नेमकं तेच मागते. महाराष्ट्राच्या एम.बी.ए. प्रवेशपरीक्षेत २०० पैकी ५० प्रश्न इंग्रजी भाषा आणि आकलनाचे असतात. कॅटमध्ये त्यासाठी ४० मिनिटांचा स्वतंत्र विभाग आहे. गेटमध्ये १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे असतात आणि भाषा हा त्याचाच भाग. नेटच्या पहिल्या पेपरात एका उताऱ्यावर पाच प्रश्न येतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी आयेल्ट्सच्या वाचन विभागात ६० मिनिटांत तीन लांब उतारे आणि ४० प्रश्न. जीआरईच्या भाषा विभागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा असते तिची प्रश्नपत्रिकाच इंग्रजीत असते, म्हणजे तिथे रसायनशास्त्राचा प्रश्नही आधी वाचता यावा लागतो. परीक्षांचे आराखडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहावीच. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे : अनोळखी विषयावरचं, लांब वाक्यांचं, तोलून लिहिलेलं पान वाचा आणि लेखक नेमकं काय म्हणतो ते सांगा.

या परीक्षांत इंग्रजी बोलायची वेळ फार थोड्या ठिकाणी येते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे इंग्रजी येणं म्हणजे फाडफाड बोलणं अशी समजूत घट्ट बसली आहे, आणि त्या समजुतीपायी वाचायला बसण्याआधीच मुलं हार मानतात. बोलणं पुढे येईल, सहवासाने येईल. वाचणं मात्र आज, एकट्याने, पडवीत बसूनही कमावता येतं.

या वाटेवर आपण एकटे नाही. चीनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी दरवर्षी डिसेंबरात राष्ट्रीय परीक्षा होते. २०२३ च्या प्रवेशासाठी तिला ४७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्यातल्या बहुतेकांना इंग्रजीची तीन तासांची, १०० गुणांची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, आणि त्यातले ४० गुण चार दीर्घ उताऱ्यांवरच्या २० प्रश्नांना असतात. लांब आणि अवघड वाक्यं कशी उकलायची हा तिथे स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. त्याचं कारण आपल्याला जवळचं वाटेल. चिनी भाषेत नामाचं वर्णन नामाच्या आधी येतं. मराठीतही तसंच : ‘काल जेट्टीवर भेटलेला माणूस’. माणूस सगळ्यांत शेवटी. इंग्रजी आधी माणूस उभा करते आणि मग त्याच्यामागे शेपूट लावत जाते : कोणता माणूस, कुठे भेटलेला, कधी भेटलेला. चिनी मुलगा आणि कोकणातली मुलगी एकाच दगडावर ठेचकाळतात. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, आपलं बदलतं. म्हणजे आपल्या हातात एक हत्यार जास्तच आहे.

पहिला भाग व्याकरणाचा. यात नियमांची यादी नाही. मराठी मुलांकडून कोणत्या चुका होतात आणि त्या का होतात, याभोवती तो बांधला आहे. एक उदाहरण देते. ‘होड्यांची यादी लागली आहे’ या वाक्यात ‘यादी’ आणि क्रियापद एकमेकांना चिकटून बसले आहेत. एकवचनाची चूक व्हायची शक्यताच नाही. इंग्रजीत हेच ‘द लिस्ट ऑफ बोट्स’ असं होतं. यादी पुढे गेली, होड्या मागे आल्या आणि क्रियापदाच्या शेजारी बसल्या. मग मुलं ‘इज’च्या जागी ‘आर’ लिहितात. ती निष्काळजी असतात असं नाही. मराठीची सवय त्यांना शेजारच्या शब्दाकडे ओढते. चूक कुठून आली हे कळलं की ती जाते. नुसती लाल रेघ मारल्याने जात नाही.

‘अ’ आणि ‘द’ आपल्या भाषेत नाहीत, म्हणून ते कधी वापरायचे हे कळणारच नाही असं अनेकांना वाटतं. पण ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ यांतला फरक पूर्णगडच्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक, माहितीतले डॉक्टर. इंग्रजीत पहिल्याला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘द’. भेद आपल्या डोक्यात आधीपासून आहे, फक्त तो दाखवायची खूण निराळी. काळांचंही तेच. ‘वाचलं’, ‘वाचलंय’ आणि ‘वाचलं होतं’ या तीन रूपांना इंग्रजीत तीन जोडीदार आहेत. अंतर पडतं ते एका ठिकाणी : ‘मी काल वाचलंय’ असं आपण बेलाशक म्हणतो, इंग्रजीत ‘काल’ आलं की ‘वाचलं’च म्हणावं लागतं. अशा सगळ्या फारकती मी वेगळ्या रकान्यात दाखवल्या आहेत.

या भागातली सगळ्यांत उपयोगी कसोटी म्हणजे पुस्तकाच्या या प्रस्तावनेचं नाव. एक वाक्य घेऊ आणि ते हातात धरून बघू. देवनागरीत लिहिते, म्हणजे अक्षरं अडवणार नाहीत.

‘द क्लेम दॅट द रॉक कार्व्हिंग्ज फाउंड ऑन द प्लॅटोज ऑफ रत्नागिरी वेअर मेड बाय हंटर्स, दो अट्रॅक्टिव्ह, रेस्ट्स ऑन एव्हिडन्स दॅट इज स्टिल बीइंग गॅदर्ड.’

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं ‘फाउंड’पाशी थांबतात. त्यांना वाटतं, क्रियापद आलं : कातळशिल्पं सापडली. वाक्य संपलं असं समजून ती पुढे जातात आणि ‘वेअर मेड’ आलं की गोंधळतात. इथे स्वतःला एक प्रश्न विचारायचा : सापडली की सापडलेली? इंग्रजीत दोन्हींना एकच रूप, ‘फाउंड’. मराठीत दोन वेगळी रूपं. ‘सापडली’ असेल तर ते क्रियापद. ‘सापडलेली’ असेल तर ते विशेषण, कुणाच्या तरी मागे लागलेली शेपटी, आणि खरं क्रियापद अजून पुढे आहे. इथे ‘रत्नागिरीच्या सड्यांवर सापडलेली कातळशिल्पं’ असं बसतं. म्हणजे पुढे चला. ‘वेअर मेड’ हे क्रियापद आहे, पण ते ‘दॅट’च्या पोटातलं, गौण वाक्यातलं. पुढे ‘रेस्ट्स’. हे कुणाचं? ‘क्लेम’चं. सापडला गाभा : मत पुराव्यावर उभं आहे. बाकी सगळं या चार शब्दांना लगडलेलं.

आता तेच मराठीत, मराठीच्या रीतीने सांगू : रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं शिकारी लोकांनी खोदली, असं एक मत आहे. ते भुरळ घालणारं आहे. पण त्यासाठीचे पुरावे अजून गोळा होत आहेत. एका इंग्रजी वाक्याची आपण तीन वाक्यं केली, आणि ती करता आली म्हणजेच वाक्य कळलं. परीक्षेत याखाली प्रश्न येईल : लेखक या मताशी सहमत आहे, असहमत आहे, की निर्णय राखून ठेवतो? ‘अट्रॅक्टिव्ह’ हा गोड शब्द पाहून घाईत वाचणारा ‘सहमत’वर खूण करतो. ज्याने ‘दो’ आणि ‘स्टिल’ हे दोन बारके शब्द पाहिले, तो तिसरा पर्याय निवडतो.

विशेषण, धातुसाधित, गौण वाक्य, मुख्य वाक्य हे सगळे शब्द तुम्ही दहावीच्या मराठी व्याकरणात शिकला आहात. गुण मिळाले आणि पेटीत बंद करून ठेवलेत. ती पेटी उघडा.

दुसरा भाग शब्दांचा. बाजारात पाच-पाच हजार शब्दांच्या याद्या मिळतात आणि मुलं त्या ‘ए’पासून पाठ करायला घेतात, ‘सी’ संपेपर्यंत उमेद संपते. मी क्रम उलटा लावला आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी केली. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. अशा लेखनातला दर दहावा शब्द साधारणपणे या कुळांतला असतो. आधी ते दोन हजार पक्के करा, मग ही ५७० कुळं, आणि त्यानंतर तुमच्या विषयाचे शब्द. दुर्मीळ शब्दांची हौस शेवटी.

कूळ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. ‘हार’ला उपसर्ग लावले की प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार होतात, हे आपण शाळेत घोकलं आहे. इंग्रजीतही ‘पोर्ट’पासून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट होतात आणि ‘स्क्राइब’पासून डिस्क्राइब, सबस्क्राइब, प्रिस्क्राइब होतात. मात्र ‘प्रिस्क्राइब’ म्हणजे घ्या म्हणून लिहून देणं आणि ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे मनाई करणं. उपसर्ग बदलला की अर्थ उलटतो. ज्यांना संहार आणि परिहार यांतलं अंतर कळतं त्यांना हे अवघड जाऊ नये.

खरा धोका अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांचा असतो. ‘लँडिंग’ म्हटलं की विमान डोळ्यांपुढे येतं. मत्स्यव्यवसायाच्या उताऱ्यात त्याचा अर्थ जेट्टीवर उतरवलेली मासळी. ‘स्टॉक’ म्हणजे समुद्रातला माशांचा साठा. ‘लिटरेचर’ म्हणजे त्या विषयावर आधी झालेलं संशोधन. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं इतकंच नाही, आपल्याच विधानाला मर्यादा घालणं हाही त्याचा अर्थ. ‘चॅम्पियन’ क्रियापद म्हणून आलं तर कैवार घेणं. अशा शब्दांना मी ‘वेषांतर केलेले ओळखीचे’ म्हणते आणि त्यांचं वेगळं प्रकरण केलं आहे. आणि जिथे आपल्या बोलीत नेमका शब्द आहे तिथे तोच दिला आहे : लॅटराइटला जांभा, नीप टाइडला भांग, गिलला कल्ला. घरातला शब्द मिळाला की परका शब्द लक्षात राहतो.

तिसरा भाग वाचनाचा, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. यातले उतारे मी स्वतः लिहिले आहेत आणि सुरुवातीचे जाणीवपूर्वक आपल्या परिसरातून घेतले आहेत : मुचकुंदीच्या मुखावरची भरती-ओहोटी, खाडीपलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं, हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पं. विषय माहितीचा असला की सगळं लक्ष भाषेवर राहतं. मग हळूहळू उतारे दूर जातात : अर्थशास्त्र, मेंदूचं विज्ञान, कायदा, तत्त्वज्ञान. शेवटच्या दहा उताऱ्यांत ओळखीचं काहीच नाही, आणि तिथपर्यंत पोचलेल्याला त्याची गरज वाटणार नाही.

प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. मुख्य क्रियापद कुठे आहे? लेखक कोणत्या बाजूला उभा आहे? हा परिच्छेद इथे का आला? पहिला प्रश्न वाक्याचा, दुसरा सुराचा, तिसरा रचनेचा. सुराचा प्रश्न बारक्या शब्दांवर सुटतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो. मराठीत तो ‘थोडेच’ आणि ‘थोडे तरी’ इतका मोठा आहे. ‘हार्डली’चा कष्टाशी संबंध नाही, त्याचा अर्थ ‘क्वचितच, जेमतेम’. मराठीत ‘च’, ‘ही’, ‘तरी’ जे काम करतात ते इंग्रजीत हे शब्द करतात. ‘तूच आलास’ आणि ‘तूही आलास’ यांतला भाव ज्याला कळतो, त्याला लेखकाचा सूर कळायलाच हवा.

हे पुस्तक कसं वापरावं ते सांगते. पहिले दोन महिने घड्याळ लावू नका. रोज एक उतारा, आणि त्यातली तीन सगळ्यांत लांब वाक्यं वहीत उतरवून त्यांचा गाभा अधोरेखित करा. मग उताऱ्याचा सारांश चार ओळींत मराठीत लिहा. मूळ इंग्रजीकडे न बघता. जिथे तुमची मराठी ओळ अडखळेल तिथे वाक्य कळलेलं नाही असं समजा आणि परत जा. शब्दशः भाषांतर करू नका. ते केलं की माझं एम.ए.च्या पहिल्या सत्रात झालं तेच होईल, शब्द हातात आणि वाक्य गायब. तिसऱ्या महिन्यात हेच मराठी सारांश तोंडी करा. चौथ्या महिन्यापासून घड्याळ लावा. तोवर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की मराठीत आणायची पायरी आपोआप गळून पडली आहे आणि इंग्रजी वाक्य थेट समजतं आहे. ती पायरी घाईने उडवू नये. ती आपली आपण जाते.

जमल्यास दोघंतिघं मिळून वाचा. आमचा गट रविवारी सकाळी किल्ल्यावर जमतो. पूर्णगड आडव्या हाताएवढाच. दारासमोर मारुती, मागे समुद्राकडचा दरवाजा, मध्ये बसायला सावली. एकाने वाक्य वाचायचं, दुसऱ्याने गाभा सांगायचा, तिसऱ्याने मराठीत मांडायचं. चुकलं तर कुणी हसायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. हा नियम मोडला की भाषा शिकणं थांबतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

पालकांना एक विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर या अभ्यासात आपला काही उपयोग नाही असं समजू नका. मुलाच्या उताऱ्यात मासे, झाडं, आजार, पाऊस, पैसा, भांडणं, न्याय हेच असतं. त्याला विचारा की आज काय वाचलंस, आणि तो मराठीत सांगेल ते ऐका. तुम्हाला कळेल असं त्याला सांगता आलं, तर त्याला उतारा कळला. यापेक्षा चांगली चाचणी मला गेल्या इतक्या वर्षांत सापडलेली नाही. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात मराठीला दार बंद करू नका. तुम्हीही त्याच दारातून आलात.

या पुस्तकाचे कच्चे खर्डे वापरून त्यातल्या उणिवा दाखवणारी माझी मुलंमुली हीच याची खरी संपादक आहेत. त्यांची नावं घेत नाही, ते त्यांनाच आवडणार नाही. पडवीत फुली मारलेला तो उतारा मी जपून ठेवला आहे. समासातला खोडलेला वसंत त्यावर अजून दिसतो, आणि त्याच्या शेजारी त्या मुलाच्या अक्षरात लिहिलेला ‘उधाण’ही. तिसऱ्या भागातला पहिला उतारा म्हणून तोच विषय मी नव्याने लिहून घेतला आहे. वाचायला बसाल तेव्हा तिथून सुरुवात करा, आणि ‘स्प्रिंग टाइड’पाशी आलात की शब्दकोश उघडण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा, पाणी कधी चढतं.

पूर्णगड,
नारळी पौर्णिमा